आघाडीचे तिघे

धनाजी साळुंखेला बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलं ते वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, आणि तेही एका विसरलेल्या काठीमुळे.

कतारमधल्या अल खोरच्या कंपनी वसाहतीतून रास लफानच्या गॅस प्रकल्पावर माणसं नेणं आणि परत आणणं, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो तेच करत होता. मूळचा वाळवा तालुक्यातला. बायको सत्यभामा गावी, मुलगी बबीता लग्न होऊन कराडला. कंपनीतल्या काही लोकांनी हौसेनं एक हॉकी टीम काढली होती, 'हेरॉन्स' नावाची. अल खोरच्या खारफुटीत बगळे उतरतात, त्यावरून ठेवलेलं नाव. दर शुक्रवारी सकाळी, मॉल उघडायच्या आधी, दोह्यातल्या एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर त्यांची मॅच असायची आणि त्यांना न्यायला कंपनीची तीस सीटची बस मिळायची. ती फेरी धनाजीच्या वाट्याला आली. पहिले दोन महिने तो मंडळींना उतरवून बेसमेंटच्या पार्किंगमध्ये सीट मागे करून झोप काढायचा. एकदा एक खेळाडू आपली काठी बसमध्येच विसरला. ती द्यायला म्हणून धनाजी वर गेला, काचेशी उभा राहिला, आणि मॅच संपेपर्यंत जागचा हलला नाही.

बाहेर ऑक्टोबर असूनही शर्ट पाठीला चिकटत होता आणि इथे आत दात वाजत होते. पण त्याला थंडीचं भान नव्हतं. सहा-सहा माणसं, त्यातला एकेक गोल राखायला. रबराची काळी चकती, आणि तिच्यामागे वाऱ्यासारखी धावणारी धिप्पाड माणसं. चकती मैदानाबाहेर जातच नव्हती. कडेची फळी आणि तिच्यावरची काच यांना आपटून ती परत खेळात यायची. गोलच्या मागेसुद्धा जागा होती आणि तिथेही झटापट चालायची. नियम कुणी समजावून सांगितले नाहीत, पण गावच्या मंडळाकडून दहा-बारा वर्षं कबड्डी खेळलेल्या माणसाला झटापट कळायला नियम लागत नाहीत. तिघे पुढे घुसतात, दोघे मागे राखतात. म्हणजे हे तिघे चढाईवाले, एवढं त्याला पहिल्याच दिवशी उमगलं.

पुढच्या शुक्रवारी तो गावाकडून आणलेला लोकरीचा स्वेटर घालूनच वर गेला. त्या दिवसापासून त्याची जागाही ठरली. आपली टीम ज्या गोलवर चढाई करते त्याच्या उजव्या कोपऱ्यात, काचेला नाक लावून. तीन पाळ्यांचा खेळ. पाळी बदलली की टीमच्या बाजू बदलायच्या, आणि धनाजीही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचा. प्रेक्षक म्हणावेत असे पाच-सात जण, खेळाडूंच्या बायका वगैरे, मधल्या बाकांवर कॉफी घेऊन बसत. कोपऱ्यात उभा राहणारा हा एकटाच.

टीममध्ये पंधरा-सोळा जण होते, तिघातिघांच्या लाइनी करून आळीपाळीनं उतरणारे, पण धनाजीचा जीव अडकला होता तो आघाडीच्या पहिल्या तिघांत.

मधला ग्रेग. कॅनडाचा, पन्नाशीला टेकलेला, टीमचा कॅप्टन. पळण्यात तो आता मागे पडायचा, पण चकती कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं. धनाजी म्हणायचा, हा माणूस पायानं नाही, डोक्यानं पळतो. डावीकडे पाव्हेल, चेक देशाचा, उंच, सडसडीत. त्याच्याविषयी बोलायला लागला की धनाजीला शब्द पुरायचे नाहीत. चकती काठीला चिकटवल्यासारखी घेऊन तो तिरका घुसायचा, गोलकीपरला एकीकडे झुकवायचा आणि दुसरीकडून मारायचा. उजव्या कोपऱ्यातून तो सरळ आपल्या अंगावर येताना दिसायचा. खरं तर धनाजीनं ती जागा निवडली होती ती त्याच्याचसाठी.

आणि उजवीकडे जाफर.

जाफर सव्वीस वर्षांचा. आईबाप दापोलीकडचे, पण हा जन्मला-वाढला कतारमध्येच. इंग्रजी शाळेत शिकला, लहानपणी मॉलमध्ये बर्फावर घसरायला शिकला, आणि आता कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. मराठी सगळी समजायची. उत्तर मात्र इंग्रजीत यायचं, मध्ये एखादा 'काका' टाकून. वडील अबूबकर कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क. टीममधला हा एकच आपल्याकडचा. त्यामुळे धनाजीचा त्याच्यावर जास्त जीव होता आणि रागही जास्त होता. कारण जाफर गोल मारत नव्हता. दीड हंगामात त्याच्या नावावर एकच गोल, तोही चकती त्याच्या ढोपराला लागून आत गेली म्हणून.

धनाजीच्या खोलीत सुदाम राहायचा, बीडचा, क्रेन चालवणारा. शुक्रवारी दुपारी धनाजी परत आला की तो भात कालवता कालवता विचारायचा, "आज आपल्या पोरानं किती मारले?"

"पाव्हेलनं तीन मारले."

"आपल्या पोरानं?"

"त्यो लई पळला," धनाजी म्हणायचा आणि ताटाकडे बघायचा.

ही असली उत्तरं देऊन तो कंटाळला होता. हॉकी म्हणजे काय ते सुदामला ठाऊक नव्हतं, पण शून्य म्हणजे काय ते ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात रास लफानला रामी नावाचा एक लेबनीज इंजिनियर बदलून आला. हॉकी तो मॉन्ट्रियलमध्ये शिकलेला. पहिल्याच सरावात त्यानं पाच गोल मारले. त्या शुक्रवारी परतताना ग्रेग येऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला. कधी कधी तो असा बसायचा. सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलायचा आणि धनाजी हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत उत्तर द्यायचा. खेळाडू मागे पेंगत होते. जाफर सगळ्यात शेवटच्या सीटवर, कानात काहीतरी घालून.

"दाना," ग्रेग म्हणाला. धनाजी हे नाव त्याच्या तोंडात कधी बसलंच नाही. "रामीला पहिल्या लाइनीत घ्यावं म्हणतोय. जाफरच्या जागी. तुला काय वाटतं?"

आपल्याला कुणी असं काही विचारलं याचंच धनाजीला इतकं अप्रूप वाटलं, की त्यानं विचार केलाच नाही. किंवा केला तो एवढाच, की पुढच्या शुक्रवारपासून सुदामला सांगायला एखादा गोल जास्त असेल, कुणाचा का असेना.

"जाफर गुड बॉय," तो म्हणाला. "व्हेरी गुड बॉय. बट नो गोल. रामी गोल."

ग्रेगनं मान हलवली. आणखी काही ऐकायचं असल्यासारखा थोडा वेळ थांबला. मग उठून मागे गेला.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या लाइनीत रामी होता. जाफरला दुसऱ्या लाइनीतही जागा मिळाली नाही. कुणी दमलं तर त्याला दोन-चार मिनिटं उतरवायचे. एरवी तो बाकावर बसून टाळ्या वाजवत होता, बर्फावर उतरणाऱ्यांना फळीतलं दार उघडून देत होता. हेरॉन्सनी ती मॅच सात-दोननं जिंकली. रामीनं तीन मारले, पाव्हेलनं दोन. धनाजीनं दुपारी सत्यभामेला फोन करून सगळं सांगितलं.

"आणि तुमचा तो कोकणातला?" तिनं विचारलं.

"बसवलाय त्याला."

"का?"

"खेळात असंच असतंय," तो म्हणाला आणि आंब्याला मोहोर आला का ते विचारलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी जाफर बसला आला नाही. ड्यूटी आहे, असा मेसेज होता. पुढच्या वेळीही ड्यूटीच होती. कंपनीच्या ड्यूट्या कशा लागतात हे एकोणीस वर्षं बस चालवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं. ओळीनं दोन शुक्रवार कुणाला ड्यूटी लागत नाही.

आणि इकडे टीम हरायला लागली. पहिली सात-दोनची मॅच सगळ्यात कच्च्या टीमशी होती, हे त्या आनंदात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मग गाठ पडली बँकवाल्यांच्या टीमशी आणि हेरॉन्स एक-पाचनं हरले. नंतरची मॅच दोन-चार. पाव्हेल गोलसमोर काठी टेकवून उभा राहायचा आणि चकती येतच नव्हती. रामी दुसऱ्या बाजूला उभा राहून ओरडायचा, मला दे, मला दे. देणार कोण? दोघंही घ्यायलाच उभे.

त्या दुसऱ्या पराभवाच्या वेळी, मधल्या पाळीत, धनाजीला आपल्या कोपऱ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बराच वेळ त्याला कळेना. पाव्हेल नीट दिसत होता, पूर्वीपेक्षा नीट दिसत होता. मग एकदम ध्यानात आलं. काच हलत नव्हती.

पूर्वी दर दोन-तीन मिनिटांनी ही काच त्याच्या नाकासमोर थाडकन वाजायची. कुणाची तरी पाठ येऊन आपटायची आणि तिथेच चिकटून राहायची. पाव्हेल दिसेनासा व्हायचा. धनाजी वैतागून दोन पावलं बाजूला सरायचा, मान वाकडी करून पाठीपलीकडचं बघायचा. ती पाठ जाफरची होती. दीड हंगाम ती पाठ त्याच्या तोंडाशी वीतभर अंतरावर होती आणि तो तिच्याआडून दुसऱ्याला बघत होता.

आता चकती त्या कोपऱ्यात घुसायची आणि तिथे हेरॉन्सचं कुणीच नसायचं. समोरच्या टीमचा माणूस आरामात यायचा, उचलायचा आणि निघून जायचा. एकदा तर तो जाता जाता काचेतून धनाजीकडे बघून हसलादेखील.

धनाजी उरलेली मॅच बघेना. तो बसमध्ये जाऊन बसला. कबड्डीत तो स्वतः डावा कोपरा होता. चढाईवाला आत आला की त्याचा घोटा धरून पडायचं, बाकीचे येईपर्यंत सोडायचं नाही, छातीवर लाथा खायच्या. दोनदा खांदा निखळला होता. लोक खांद्यावर घेऊन नाचायचे ते चढाईवाल्या मच्छिंद्रला. एका साली यात्रेतल्या सामन्यात धनाजीला बसवला होता, कारण मंडळाच्या अध्यक्षांना त्याचा खेळ 'दिसला नाही'. त्या रात्री तो जेवला नव्हता. तो अध्यक्ष मरून वीस वर्षं झाली, तरी धनाजी गावी गेला की त्याच्या घरावरून जायचं टाळायचा. आणि आता आपण काय केलं?

त्यानं परतीच्या वाटेवर ग्रेगशी बोलायचं ठरवलं, पण बस हायवेला लागली तरी तोंड उघडेना. अल खोरला सगळे उतरले. ग्रेग शेवटी उतरत होता, तेव्हा धनाजी सीटवरून उठला.

"सर, आय टॉक राँग. जाफर. आय टॉक राँग."

ग्रेग पायरीवरच थांबला. खांद्यावरची पिशवी त्यानं खाली ठेवली.

"मी सगळ्यांना विचारलं होतं," तो म्हणाला. "पाव्हेलला, गोलकीपरला, आणखी दोघांना. सगळे हेच म्हणाले. मलाही अर्धवट तसंच वाटत होतं. मी सेंटर, खेळताना मला सगळं दिसत नाही. मग वाटलं, तुला विचारू. तू एकटा त्या कोपऱ्यात उभा असतोस. जाफर तिथे काही कामाचं करत असेल, तर ते तुला दिसत असेल."

ग्रेगच्या बोलण्यात राग नव्हता. धनाजीला तो असता तर बरं वाटलं असतं.

"नाऊ कॉल हिम," तो कसाबसा म्हणाला.

"कॉल केला. परवाच. म्हणाला, आता इच्छा नाही." ग्रेगनं पिशवी उचलली. "पंधरा दिवसांनी सेमीफायनल आहे. तू बघ जमलं तर. तुमची भाषा एक आहे."

एक आहे आणि नाही, असं धनाजीला वाटलं. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अबूबकरच्या फ्लॅटवर गेला. नीट दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दार जाफरच्या आईनं, मुनीरानं उघडलं. बसमधून बाजाराला जाताना तिची-त्याची ओळख झालेली होती.

"या ना, बसा," ती म्हणाली. "जाफर नमाजला गेलाय, येईल इतक्यात. मी चाय आणतंय."

अबूबकर सोफ्यावर बातम्या बघत बसला होता. साठीचा, गंभीर, मोजकं बोलणारा माणूस. मुलाच्या खेळाबद्दल त्याला कधी कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. मुनीरानं चहाबरोबर वाफवलेली गोड सांदणं आणून ठेवली. थोड्या वेळानं जाफर आला. धनाजीला बघून दारातच थबकला, मग समोरच्या खुर्चीवर बसला.

"काका. ऑल ओके?"

धनाजीनं वाटेत चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"तुला लाइनीतनं काढायच्या आधी ग्रेगनं मला इचारलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, पोरगं चांगलं हाय, पण गोल न्हाई."

टीव्हीचा आवाज अबूबकरनं बंद केला.

जाफर जमिनीकडे बघत राहिला. "ही आस्क्ड एव्हरीवन, काका. इट्स फाइन."

"फाइन न्हाई. बाकीचे कोपऱ्यात उभं नसतात. मी असतोय."

जाफरनं वर बघितलं. बोलावं की नाही याचा विचार करत असावा. मग इंग्रजीतच, पण हळू बोलला, धनाजीला प्रत्येक शब्द समजेल असा. "मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी तिथे उभे राहता. बाकी सगळ्यांचं कुणी ना कुणी यायचं. मला वाटायचं, माझं माणूस कोपऱ्यात आहे."

 हातातला कप धनाजीनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं. तुझ्यासाठीच उभा राहायचो, म्हणून टाकायचं. पोरगं खूश झालं असतं.

"न्हाई रं," तो शेवटी म्हणाला. "मी पाव्हेलला बघायला उभा राहायचो. तू मधी यायचास तर मला राग यायचा. तू गेलास तवा मला कळलं, तू तिथं काय करत होतास."

 अबूबकर मुलाकडे बघत होता. मुनीरा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, तीच मग म्हणाली, "पण तो करतो काय तिथे नेमकं? मी इचारलं की सांगत नाय. अंगावर नुसते डाग घेऊन येतो."

जाफरनं खांदे उडवले. त्यालाही ते सांगता येत नसावं. आजवर कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

धनाजीनं कप खाली ठेवला आणि उठला. "वैनी, ही टीपॉय सरकवतो जरा." टीपॉय त्यानं मधोमध ओढली. "हा समोरच्यांचा गोल. हा सोफ्याचा कोपरा आन् ही भिंत म्हंजे काच." सांदणाची रिकामी बशी त्यानं भिंतीच्या कडेला जमिनीवर ठेवली. "ही चकती. आता आपला माणूस लांबनं मारतो ती हितं येते. तिच्यामागं दोन दांडगे येतात, शंभर-शंभर किलोचे. जाफर त्यांच्या आधी पोचतो. पण उचलत न्हाई. उचलली की गेली. तो काय करतो बघा." तो भिंतीकडे तोंड करून वाकला, पाय फाकवून उभा राहिला, कंबर मागे काढली. "त्यांना पाठ देतो. चकती पायात आन् पाठीवर दोन माणसं. ते ढकलतात, काठीनं टोचतात, काचेवर चेपतात. ह्यो हलत न्हाई. अबूबकरभाई, जरा या. ढकला मला."

अबूबकरनं मुनीराकडे बघितलं, मग जाफरकडे. मग उठला. साठ वर्षांचा तो माणूस धनाजीच्या मागे आला आणि संकोचून त्याच्या पाठीवर दोन बोटं टेकवली.

"असं न्हाई. जोरात."

अबूबकरनं खांदा लावला. धनाजी डुगडुगला, पण बशीवरून हटला नाही. दोघंही त्रेपन्न आणि साठच्या वयात भिंतीला लागून रेटारेटी करायला लागले. धनाजीचा श्वास चढला, तरी तो बोलतच होता, "आता बघा, दोघं दांडगे हितं अडकले, म्हंजे तिकडं गोलसमोर दोन माणसं कमी. मग ह्यो टाचेनं नुसती चकती सोडतो. ग्रेग येऊन उचलतो. पाव्हेलला देतो. गोल. नाव पाव्हेलचं. टाळ्या पाव्हेलला." त्यानं बशी पायानं टीपॉयखाली सरकवली. "मी पण त्यालाच वाजवायचो."

मुनीरा तोंडाला पदर लावून हसत होती. अबूबकर धापा टाकत सोफ्यावर बसला आणि मुलाला म्हणाला, "रोज असाच?"

"फक्त शुक्रवारी," जाफर म्हणाला. त्याच्या तोंडून चुकून मराठी निघाली, पण त्या गडबडीत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग तो धनाजीला म्हणाला, "टाचेनं नाही, काका. काठीच्या मागच्या बाजूनं." हेही अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत.

येतो म्हणून त्यानं काही कबूल केलं नाही. धनाजीनंही विचारलं नाही. जेवूनच जा, असा मुनीराचा आग्रह झाला आणि तो जेवून गेला. अबूबकर त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्ट येईपर्यंत म्हणाला, "मी कधी गेलो नाही बघायला. पोरगा मार खातो ते कशाला बघायचं, असं वाटायचं."

सेमीफायनलच्या शुक्रवारी पावणेसहाला धनाजी बस घेऊन वसाहतीच्या गेटपाशी उभा होता. जाफर पिशवी आणि काठ्या घेऊन आला. त्याच्या मागे अबूबकर, डोक्याला मफलर गुंडाळून, हातात थर्मास. ग्रेगनं जाफरच्या पाठीवर थाप मारली, एवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही. रामी उठला आणि पिशव्या ठेवायला जागा करून दिली.

ग्रेगनं रामीला दुसऱ्या लाइनीचा मधला केला आणि जाफरला परत उजवीकडे आणला. समोर बँकवालेच होते. धनाजी अबूबकरला घेऊन कोपऱ्यात गेला.

"सगळ्यांची डोकी सारखीच. आपला कुठला?" अबूबकरनं विचारलं.

"थांबा. येईल तो हितंच."

दुसऱ्याच मिनिटाला काच थाडकन वाजली. अबूबकर दचकून मागे सरकला. जाफरची पाठ समोर होती, पाठीवर सतरा नंबर, आणि त्या पाठीवर बँकवाल्यांचे दोन जण. आत काठ्यांची खडखड, श्वासांची वाफ काचेवर. धनाजी या वेळी बाजूला सरकला नाही. पाव्हेल कुठे आहे ते त्यानं बघितलंही नाही. जाफरचे पाय बघत राहिला. डावा पाय तो फळीला कसा रोवतो, गुडघा किती वाकवतो, धक्का यायच्या आधी अर्धा क्षण अंग कसं सैल सोडतो. धक्का सोसायचं हे कसब गावच्या आखाड्यात वस्तादांकडून शिकायला त्याला दोन वर्षं लागली होती. हे पोरगं ते कुठे शिकलं? कुणी शिकवलं नसणार. मार खाता खाता शिकलं असणार.

मधल्या पाळीत एकदा जाफरनं दोघांना तसंच कोपऱ्यात धरून ठेवलं. चकतीला त्याची काठी लागलीच नाही. त्या दोघांच्याच पायांतून ती निसटली आणि ग्रेगनं उचलली. ग्रेगकडून पाव्हेल, पाव्हेलकडून आत. मधल्या बाकांवरच्या बायका उठून ओरडल्या. लाउडस्पीकरवर पाव्हेलचं आणि ग्रेगचं नाव पुकारलं.

अबूबकर धनाजीकडे वळून म्हणाला, "हा आपल्यामुळे झाला ना?"

"आपल्यामुळंच," धनाजी म्हणाला.

शेवटची पाळी संपायला दोन मिनिटं उरली असताना तीन-तीन होते. मग बँकवाल्यांच्या एका उंच पोरानं मधून सरळ घुसून चौथा मारला आणि हेरॉन्स हरले. जाफरच्या नावावर काहीच लागलं नाही. पाव्हेलनं काठी फळीवर आपटली. ग्रेग बर्फावर गुडघे टेकून राहिला. पुढच्या हंगामात तो खेळेल की नाही, याची त्यालाच खात्री नसावी. धनाजीला वाईट वाटलं. खूप वाटलं. गावचं मंडळ हरल्यावर वाटायचं तसंच. पण त्यात एक वेगळीच शांतताही होती. दीड वर्षात पहिल्यांदा आपण अख्खी मॅच बघितली, असं त्याला वाटत होतं.

परतीच्या वाटेवर खेळाडू पेंगत होते. जुम्म्याच्या नमाजच्या आत अल खोरला पोचायचं होतं, म्हणून धनाजीनं बस जरा रेटली. अबूबकर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला होता, एरवी ग्रेग बसायचा तिथे. जाफर त्याच्या शेजारी, दंडावर बर्फाची पिशवी धरून. थोड्या वेळानं त्याची मान वडिलांच्या खांद्यावर कलली.

"अकरा वेळा आपटला," अबूबकर हळूच म्हणाला. "मोजले मी."

"तेरा," धनाजी म्हणाला. "दोन तुम्ही चहा ओतत होता तवाचे."

 खिडकीबाहेर सपाट माळ मागे जात होता, वाळूच्या रंगाचा, कुठे कुठे एखादं बाभळीसारखं खुरटं झाड.

"किती वेळा आपटला, असं मुनीरानं विचारलं तर काय सांगायचं?"

"दोन सांगा."

"दोन जास्त होतात," अबूबकर जरा विचार करून म्हणाला. "एक सांगतो."